चमेली आणि शिट्टी

परवा भाचीनं पुण्याहून माझ्यासाठी सेंटची बाटली आणली. खोक्यावर चमेलीची फुलं आणि खाली इंग्रजीत चार ओळी. चष्मा लावून वाचल्या. हा सुगंध म्हणे हळव्या, स्वप्नाळू, नाजूक मनाच्या स्त्रीचा आहे. "मावशी, अगदी तुझ्यासारखा," भाची म्हणाली. ती बिचारी प्रेमानं बोलली, पण माझं डोकं फिरलं. एक तर मी हळवी नाही, हे आमच्या घरातल्या भांड्यांनाही माहीत आहे. दुसरं म्हणजे चमेलीचा वास मला सोसत नाही, कपाळ ठणकायला लागतं. आणि तिसरं म्हणजे, चमेली लावणारी एक बाई मी आयुष्यात जवळून पाहिली आहे. ती स्वप्नाळू असेल तर मी गणित शिकवलंच नाही असं समजा.

त्या आमच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. मानवतच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायचे, त्या पटांगण सांभाळायच्या. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन, त्यावरून मराठवाडाभर दंगल होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. भिंतींवरच्या घोषणांवर चुना फिरवला होता, पण चुन्याखालच्या घोषणा वाचता येत होत्या. माणसांचंही तसंच होतं. बाई राखीव जागेवर आल्या होत्या. ती जागा भरली नाही तर अनुदान अडेल म्हणून संस्थेनं त्यांना नाइलाजानं घेतलंय, हे शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाईंनाही. गावात त्यांना कुणी खोली दिली नाही. खोली रिकामी असायची, आडनाव ऐकलं की तिच्यात पाहुणे येणार असायचे. त्यामुळे त्या परभणीहून एसटीनं जाऊन-येऊन करायच्या.

उंच, रुंद खांद्यांच्या, सावळ्या. पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. आणि कानाच्या पाळीवरच्या खळग्यात चमेलीच्या अत्तराचा फाया. बायका अत्तर मनगटाला लावतात. कानात फाया ठेवायचा तो म्हाताऱ्या बुवांनी. बाईंना हे सांगून पाहिलं. "मनगटाचा वास मनगटापाशीच राहतोय," त्या म्हणाल्या, "कानातला चार हात लांब जातोय." त्यांचं अत्तर चार हात नव्हे, चार वर्ग लांब जायचं. बाई फाटकात आल्या की आम्हाला वरच्या मजल्यावर कळायचं. मी पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्या ठेवायला लागले ते तेव्हापासून.

शिट्टीचंही तेच. ती पटांगणापुरती नव्हती. एसटी थांबा सोडून पुढं गेली की बाई शिट्टी फुंकायच्या आणि ड्रायव्हर बिचारा कंडक्टरनं दिली असं समजून गाडी थांबवायचा. आठवडी बाजारात काट्याची दांडी तिरकी दिसली की शिट्टी. शिक्षक-खोलीत कुणी फार वेळ एकटंच बोलायला लागलं की शिट्टी. आम्हा सगळ्यांना त्या आमच्या विषयांनी हाक मारायच्या. "ए भूगोल, सरक तिकडं." "ए गणित, डबा काढ." संस्कृतच्या सरांना तेवढं आदरानं, "काय संस्कृत, काय म्हणता?"

त्या गोड स्वभावाच्या होत्या असं मी म्हणणार नाही. भांडकुदळ होत्या. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता संपवायच्या आणि वर तिखट कमी आहे म्हणायच्या. एखाद्या मुलीनं पटांगणात रडायला सुरुवात केली की तिला अजून एक फेरी मारायला लावायच्या. पण मुली त्यांच्यावर जीव टाकायच्या. सामन्याआधी बाई खो-खोच्या सगळ्या पोरींना ओळीत उभं करून एकेकीच्या मनगटावर चमेली लावायच्या. "हारलात तरी चालंल," असं म्हणायच्या, "पन कोन येऊन गेलं ते त्यास्नी दिसभर कळलं पाहिजे." मुलींनी त्यांचं नावच चमेली ठेवलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

वर्षभराचं अत्तर त्या परभणीच्या उरुसात घ्यायच्या. एकदा मी बरोबर होते. तिथल्या म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं भरलेली बाटली हातात देत विचारलं, "बाई, इत्ता अत्तर कायकू होना? घर में शादी है क्या?"

"लडाई है चचा," बाई म्हणाल्या.

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

लढाईचं कारण त्यांनी कधी लपवलं नाही. शाळेत पहिल्याच महिन्यात संस्कृतच्या सरांनी विषय काढला होता. सरांना स्वतःबद्दल असा समज होता की अत्तरावरून बाईचा स्वभाव ओळखता येतो. गुलाब म्हणजे संसारी. मोगरा म्हणजे घरंदाज. केवडा म्हणजे मानी. "आणि चमेली म्हणजे," असं म्हणून सर थांबले, चष्मा पुसला आणि भूगोलाच्या सरांकडे बघून हसले. त्या हसण्यात काय होतं ते खोलीतल्या प्रत्येक बाईला कळलं. मला मान खाली घालावीशी वाटली, इतकी लाज त्या माणसाची वाटली.

बाई उठल्या आणि सरांच्या अगदी खुर्चीला लागून उभ्या राहिल्या. "सांगते चमेली म्हंजे काय," त्या म्हणाल्या. "ताडकळसच्या पलीकडं आमचं गाव. शाळंत मास्तर मला दारात बसवायचा. जवळ आले की नाकाला उपरणं लावायचा. यांच्या अंगाला वास येतोय म्हणायचा. माझी माय मला रिठ्यानं घासायची, कातडं लाल व्हईस्तोवर. तरी उपरणं नाकालाच. आता मी पगार घेते आन वास इकत घेते. माझ्या अंगाला वास येतोय ना? मंग घ्या!" आणि कानातला फाया काढून सरांच्या नाकासमोर धरला.

मागून एकदा, एसटीची वाट बघताना, त्या मला अगदी साध्या आवाजात म्हणाल्या होत्या, "दंगलीत आमचं घर जाळलं ना, तवा धुराचा वास लुगड्यांना लय दिस होता. तवा कोन म्हनलं न्हाई, वास येतोय म्हनून." मग गाडी आली आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

त्यांची दोन वर्षं भरत आली. खाजगी शाळेत दोन वर्षं उमेदवारीची, ती पार पडली की नोकरी कायम. घरी म्हातारी आई, शिकणारा भाऊ, जळालेल्या घराचं अर्धं बांधकाम, सगळं या एका पगारावर उभं होतं. कायम केलं की संस्थेला त्यांना पुढं नको म्हणता आलं नसतं. त्यामुळे त्यांना त्याआधी घालवायचं ठरलं. पण जातीवरून काढलं असं म्हणता येत नाही. खेळ शिकवत नाहीत म्हणावं तर मुलींनी जिल्ह्याचा चषक आणून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवलेला. मग काय काढावं या लोकांनी? वास काढला.

नोटीस आली. आपण उग्र सुगंधी द्रव्य लावून विद्यालयात येता, त्यामुळे विद्यार्थिनींच्या मनावर अनिष्ट परिणाम होतो, खुलासा करावा. नोटिशीवर सही मुख्याध्यापिकांची. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. त्या स्वतः रोज अंबाड्यावर मोगऱ्याचा एवढा मोठा गजरा माळून यायच्या. मोगऱ्यानं मुलींच्या मनावर काय परिणाम होतो, याचा खुलासा कुणी कुणाला मागितला नव्हता.

बाईंनी नोटीस शिक्षक-खोलीत मोठ्यानं वाचली. "उग्र कोन?" त्यांनी विचारलं. "अत्तर का मी?" मोठ्या बाईंनी नंतर त्यांना आत बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं की, अत्तर तेवढं बंद करा, बाकी मी अध्यक्षांशी बोलते. म्हणजे नोकरी वाचायची तर करायचं एवढंच होतं. सकाळी कानात फाया ठेवायचा नाही.

मी त्या संध्याकाळी त्यांना स्टँडवर गाठलं आणि अक्षरशः हात जोडले. "कायम होईपर्यंत थांबा. मग अंघोळ करा चमेलीनं."

"तुला वाटतंय ते अत्तराचं हाय?"

"नाही वाटत. पण तुमच्या आईचं काय?"

"माय म्हनती, तुला पटंल तसं कर." त्यांनी गळ्यातली शिट्टी पदराला पुसली. "आज अत्तर सोड म्हनायलेत. सोडलं, की उद्या म्हनतील शिट्टी सोड. परवा बूट सोड. आन मंग यक दिस म्हनतील, बाई, तुमी जरा दारात बसा. मला दारातून आत यायला लय वर्सं लागलीत गणित."

मला त्यांचा भयंकर राग आला. बरोबर बोलत होत्या म्हणून जास्त आला. नोकरी करणाऱ्या बाईनं किती गिळायचं असतं ते मला माहीत होतं. मी गिळत होते, सगळ्याच गिळत होत्या. ही एक बाई गिळत नव्हती आणि त्याची शिक्षा तिला होणार हे मला लख्ख दिसत होतं.

खुलाशाची मुदत चालू असतानाच संक्रांत आली. शाळेत दरवर्षी मुलींच्या आयांचं हळदीकुंकू व्हायचं. हॉलमध्ये सतरंज्या, तिळगूळ, वाणाला स्टीलच्या वाट्या. हळदीकुंकू इतर शिक्षिका लावायच्या, पण अत्तर लावायचा मान मोठ्या बाईंचा. ज्यांनी अत्तराबद्दल नोटीस काढली, त्याच बाई बाटलीत काडी बुडवून अत्तर शे-दीडशे बायकांच्या हातांना लावत होत्या आणि यातलं काही त्यांना विचित्र वाटत नव्हतं. मी तिळगुळाचं ताट घेऊन त्यांच्या शेजारून चालले होते. त्यामुळे बाटली मला स्पष्ट दिसत होती. निम्म्याहून जास्त भरलेली होती.

खेळाच्या बाई शेवटच्या रांगेच्या टोकाला बसल्या होत्या. मोठ्या बाई तिथपर्यंत आल्या आणि वळल्या. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून अगदी मधाळ आवाजात म्हणाल्या, "तुमच्यात हळदीकुंकू घेत नाहीत ना?"

"न्हाई घेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली हाय मी," बाई म्हणाल्या. "हळदीकुंकू नगंच. अत्तर लावा. अत्तराला कुठला देव नसतोय." आणि त्यांनी हात पालथा करून पुढं धरला.

सगळा हॉल बघत होता. मोठ्या बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. अत्तर लावायचं म्हणजे तो हात आपल्या हातात घ्यावा लागतो.

"अत्तर संपलं," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातलं ताट मला त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. हे मी आज लिहितानाही वाटतंय.

"संपलं?" बाई उठल्या. "आसू द्या. माझ्याकडं हाय." आणि कनवटीची कुपी काढून त्यांनी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली.

आपल्याकडच्या बायकांना एक सवय असते. समोर कुणी अत्तराचं बोट आणलं की हात आपोआप पालथा होऊन पुढं जातो. कोण लावतंय हे बघायच्या आत जातो. तो लहानपणापासून जात आलेला असतो. बाई एकेकीचा हात हातात घेत गेल्या, नीट घेत गेल्या, मनगटावर बोट फिरवून जिरवत गेल्या, आणि हात पुढं येतच राहिले. सावकारांच्या सुना, वकिलीणबाई, संस्कृतच्या सरांची बायको. अर्धी रांग झाल्यावर कुजबुज सुरू झाली, पण तोवर शेजारणीचा हात पुढं झालेला असायचा आणि आपला मागं कसा घ्यायचा ते कुणाला सुचत नव्हतं. शेवटी त्या मोठ्या बाईंसमोर उभ्या राहिल्या. त्यांचाही हात गेला. नोटिशीवर सही केलेला तोच उजवा हात.

मग कार्यक्रम संपायच्या आधीच मोठ्या बाई लगबगीनं पटांगणाच्या कोपऱ्यातल्या नळाकडे निघाल्या. शिपाईणबाईंना म्हणाल्या, साबण आण. त्यांच्यामागून एक गेली, दोन गेल्या, बघता बघता नळाभोवती गर्दी झाली. रेशमी साड्यांच्या बायका मनगटं चोळत होत्या. सगळ्या नव्हेत, हेही सांगायला हवं. बऱ्याचजणी हात हुंगत घरी गेल्या. पण नळावर होत्या त्या भरपूर होत्या, आणि अत्तर काही पाण्यानं जात नाही. सगळं पटांगण चमेलीनं भरून गेलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. कानठळ्या बसतील अशी.

"रांगेत!" बाई पटांगणाच्या मध्यावर उभ्या होत्या. "ढकलाढकली करायची न्हाई! एका हाताचं अंतर! एका येळी एक बाई!"

आणि खरं सांगते, दोन-तीन बायका सरळ रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलींना शाळेत हेच ऐकून सवय होती, त्यांनाही लागली असावी. मोठ्या बाई हाताला साबणाचा फेस घेऊन पुतळ्यासारख्या उभ्या. मी हसले. इतकी हसले की ताटातले तिळगूळ सांडले.

जवळ गेले तेव्हा हसू थांबलं. शिट्टी तोंडातून काढून बाई नळाखालच्या एकेका हाताकडे बघत होत्या.

"गणित," त्या म्हणाल्या, "तू धुतलास का हात?"

"नाही."

"डोकं दुखायलं आसंल."

"लय."

"मंग धू की."

"नाही धुणार," मी म्हणाले.

सत्र संपताना त्यांना काढलं. कामगिरी समाधानकारक नाही, एवढंच कारण. चषक मुख्याध्यापिकांच्या टेबलावरच होता. मी अध्यक्षांकडे जाऊन भांडले. त्यांनी चहा पाजला आणि तुम्ही गणित शिकवा म्हणाले. शेवटच्या दिवशी बाई संस्कृतच्या सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चमेली म्हंजे काय ते सांगायचं राह्यलं तुमचं," त्या म्हणाल्या. सरांनी वर्तमानपत्र उघडलं. त्या दिवशी एसटी थांब्यावरच थांबली, शिट्टीची गरज पडली नाही.

पुढची काही वर्षं त्यांनी कपडे शिवले, शिकवण्या घेतल्या, अर्जावर अर्ज केले. मग पाथरीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या. त्या शाळेच्या पोरी पुढं खो-खोत आमच्या शाळेला दरवर्षी हरवायच्या, आणि मी आमच्याच शाळेची असून टाळ्या वाजवायचे.

अखेर विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, तो नेमका संक्रांतीच्या दिवशी. सोळा-सतरा वर्षं ज्यासाठी माणसं मेली, घरं जळाली, ते नाव लागलं. त्याच आठवड्यात माझ्या घरी हळदीकुंकू होतं. मी बाईंना निरोप पाठवला. हळदीकुंकू मी लावीन, अत्तर तुम्ही लावायचं. सासूबाईंना विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाई आल्या. केस पिकलेले, बूट पांढरेच, गळ्यात शिट्टी, कानात फाया. गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांत मोठ्या बाईही आल्या, आता निवृत्त, काठी टेकत. तिळगूळ घेतला, गोड गोड बोलल्या. मग अत्तराचं बोट समोर आलं आणि त्यांचा हात सवयीनं पालथा होऊन पुढं गेला. मग त्यांनी वर पाहिलं. हात तिथंच थांबला आणि हळूहळू पदराखाली जायला लागला.

रेडिओ काय सांगतोय, चौकात कुणाचे ढोल वाजतायत, याचा त्या हाताशी काही संबंध नव्हता.

"लावून घ्या, मोठ्या बाई," बाई शांतपणे म्हणाल्या. "मंग धुवा. मोरीत साबन आसंल."

मोठ्या बाईंनी हात पुढं केला. बाईंनी तो आपल्या हातात घेतला, घाई न करता अत्तर मनगटावर जिरवलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

मोठ्या बाई थोडा वेळ बसल्या. मग काठी घेऊन उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मोरी कुठंय गं?"

"या, दाखवते," मी म्हणाले आणि पुढं झाले. त्या काठी टेकत माझ्या मागून आल्या, नळ सोडला, हात ओला केला आणि इकडेतिकडे बघायला लागल्या.

"साबण?"

"संपला," मी म्हणाले. ओली वडी माझ्या मुठीत होती.